दोबोंगच्या माथ्यावरचा फोटो

हस्तबहादूर राई नेपाळातल्या भोजपूरचा. त्याच्या गावाच्या उतारावर कोंबडीसुद्धा बघून पाय टाकते. डोंगर त्याला नवा नव्हता. पण काही काम नसताना डोंगर चढणारा माणूस त्याने पहिल्यांदा पाहिला तो कोरियात, आणि तोही आपल्याच खोलीत.

कारखाना उइजोंगबू शहराच्या पुढे होता, प्लास्टिकच्या बादल्या आणि टब बनवणारा. आम्ही नेपाळी कामगार मागच्या अंगणातल्या कंटेनरमध्ये राहायचो. हस्तदाजूच्या खोलीत निरोज राजवंशी होता आणि शेजारच्या खोलीत मी. तो आमच्यात थोरला, म्हणून सगळेच त्याला दाजू, म्हणजे मोठा भाऊ, म्हणायचे. निरोज झापाचा, सपाट भातखाचरांच्या मुलखातला. त्याच्या गावात सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी. पण इथे आल्यावर पहिल्याच वसंतात त्याला दोबोंगच्या डोंगराचं वेड लागलं. रविवार उजाडला की केशरी जॅकेट, हातात दोन काठ्या, पाठीवर इवलीशी पिशवी. संध्याकाळी परतला की चेहरा लालबुंद, आणि फेसबुकवर फोटोच फोटो.

"काय रे, वर पगार वाटतात का?" दाजू विचारायचा.

"वारा वाटतात, दाजू. तुम्ही पण चला की."

"मला वारा खायचा असता तर मी घरीच राहिलो असतो."

दाजूचा रविवार ठरलेला. कपडे धुवायचे, डाळ-भात खायचा आणि बायकोला, सुनकेसरीला फोन लावायचा. एकदा त्यानेच कौतुकाने निरोजला फोनवर बोलायला लावलं होतं. तेव्हापासून वहिनी निरोजचे फोटो बघायला लागली.

"निरोजभाईचा कड्यावरचा फोटो पाहिला," ती एका रविवारी म्हणाली. "अख्ख्या आळीला दाखवला मी."

"त्यात काय? आपल्या गोठ्यामागचा कडा याहून मोठा आहे."

"असेल. पण त्यावर कोणी हसत उभं राहत नाही."

दाजूला ते लागलं. त्या दिवसापासून तो निरोजच्या फोटोंखाली बायकोचं नाव शोधायला लागला आणि ते प्रत्येक वेळी सापडायचं. एका दुपारी मला कोपऱ्यात नेऊन त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ. माझ्या फोटोला अंगठा. त्याच्या फोटोला लाल बदाम! आणि खाली काय लिहिलंय? 'खूप छान, भाई, असंच फिरत राहा.' मला कधी म्हणाली ती, फिरत राहा? मला म्हणते, मफलर घाला, औषध घ्या."

"काळजी करते तुमची," मी म्हटलं.

"काळजी म्हाताऱ्याची करतात."

मग निरोजचं काहीच त्याला सोसेना. दारात चिखलाचे बूट का, काठ्या पलंगाखाली का, भात मऊ का झाला. निरोज हसून सोडून द्यायचा. त्या हसण्याने दाजूचा आणखी जळफळाट व्हायचा.

शरद ऋतू आला. दोबोंगवर पानं लाल झाली आणि कारखान्यात दुसरी गोष्ट उरली नाही. रविवारी निरोज जाणार होता. शुक्रवारी दाजू फोरमन पेकसाहेबांकडे गेला आणि आपल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये म्हणाला, "रविवारी मशीनवर माणूस लागणार ना? निरोजला काम हवंय. लाजतो, म्हणून मी सांगतो."

पेकसाहेबांनी निरोजचं नाव लावलं. निरोजचा चेहरा उतरला, पण नवा माणूस, नाही कसं म्हणणार? रविवारी सकाळी तो कामावर निघाला तेव्हा दाजू दारात उभा राहून आकाश बघत होता.

"ऊन छान आहे," दाजू म्हणाला. "मीच जाऊन येतो म्हणतो."

निरोजने खुंटीवरचं केशरी जॅकेट काढून दिलं. "वर गार असतं, दाजू. आणि माथ्याकडे तारा धरून चढायचं असतं, हातमोजे खिशात आहेत."

जॅकेट दाजूने घातलं. काठ्या मात्र घेतल्या नाहीत.

पायथ्याशी ही गर्दी. किंबापचे, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे डबे, काकड्या, रंगीत टोप्या विकणाऱ्यांच्या रांगा. दाजूने इकडेतिकडे न बघता चढायला सुरुवात केली. पाय आपोआप चालत होते. धापा टाकणाऱ्या जवान पोरांना मागे टाकताना त्याला बरं वाटत होतं. आज असा फोटो काढायचा, की सुनकेसरी तो केशरी पोरगा विसरून जाईल. वाटेत फक्त एका गोष्टीने त्याला कोड्यात टाकलं. ज्यांना मागे टाकता येत नव्हतं, त्या साठी-सत्तरीच्या बायका होत्या. आखूड कुरळे केस, जांभळ्या-गुलाबी विजारी, तोंडाने अखंड बडबड, आणि पाय असे पडत होते जणू अंगणात फिरताहेत.

माथ्यावर फोटोसाठी रांग होती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मागच्या म्हातारीच्या हातात फोन दिला आणि छाती काढून उभा राहिला.

"हस की!" ती ओरडली. "कर्ज मागायला आलायस का?"

मागची रांग खिदळली, दाजूही हसला, आणि तेवढ्यात तिने फोटो काढला. वर अर्धी काकडी त्याच्या हातात कोंबली.

त्याने तिथूनच फोटो पाठवला आणि लगेच वहिनीचा व्हिडिओ कॉल आला.

"हे निरोजभाईचं जॅकेट ना?"

"मग? शोभत नाही मला?"

"पोटावर ओढलं गेलंय. फोटो कोणी काढला?"

"एका बाईने."

"कुठल्या बाईने?"

तिचा आवाज बदलला होता. कितीतरी दिवसांनी दाजूला आत गार वाटलं. त्याने मुद्दाम वेळ घेतला. "होती एक. छान होती. मला काकडी दिली."

"दाखवा."

"आता कशाला?"

"दाखवा म्हणते ना!"

त्याने फोन फिरवला. म्हातारीने काकडी हलवून नमस्कार केला. सुनकेसरी हसत सुटली, आणि एकदम थांबली.

"फोन हलवू नका. तिच्या पाठीवर काय आहे?"

"काही नाही. पाण्याची बाटली असेल."

"आणि त्या मागच्या दोघी?"

"त्यांच्याही काही नाही."

"निरोजभाईच्या फोटोत मी यांनाच बघते," ती म्हणाली. "माझ्या आईच्या वयाच्या बायका, आणि हात हलवत डोंगर चढतात. मी आज सकाळपासून गवताचा दुसरा भारा आणला, कपाळावर भाऱ्याच्या पट्ट्याचा वळ आहे, हा बघा. मला यांचा इतका हेवा वाटतो, की फोटो पुन्हा पुन्हा उघडते."

"मग बदाम कशाला टाकतेस?"

"बदाम टाकला की निरोजभाई खूश होतो आणि आणखी फोटो टाकतो."

दाजूच्या मनावरचा दगड उतरला होता, पण त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. बायकोला डोक्यावर किंवा पाठीवर ओझं नसताना डोंगर चढताना त्याने पाहिलंच नव्हतं, आणि ते त्याला कधी विचित्रही वाटलं नव्हतं. उतरताना तो कोणाला मागे टाकायला गेला नाही.

सोमवारी पेकसाहेबांनी निरोजच्या पाठीवर थाप मारली. "तुझा दाजू सांगत होता, तुला रविवारी काम हवं असतं म्हणून."

निरोजने त्या संध्याकाळी जॅकेट खुंटीवरून काढून आपल्या उशीखाली ठेवलं. पुढचे काही दिवस तो दाजूशी बोलला नाही. भात मात्र दोघांचा शिजवायचा, आणि तोच दाजूच्या घशाखाली उतरत नव्हता. शेवटी दाजूनेच ताट बाजूला सारलं.

"मी जळत होतो तुझ्यावर. झालं? आता शिव्या घाल."

"कशावरून जळत होतात?"

"बदामावरून."

निरोजला आधी कळेना. कळलं तेव्हा तो पोट धरून हसला, मग म्हणाला, "लाल पानं गेली ती गेलीच ना, दाजू."

ते खरं होतं. पुढच्या रविवारी दोघे गेले तेव्हा फांद्या उघड्या पडल्या होत्या. दाजूने त्या दिवशी तशा म्हाताऱ्या बायकांचे पुष्कळ फोटो काढून घरी पाठवले. उत्तर आलं, "छान. पण निरोजभाईचे जास्त स्पष्ट येतात."

कोरियातली मुदत संपल्यावर दाजू गावी परतला. सुट्टीत घरी आलेला निरोज तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास त्याच्याकडे भोजपूरला गेला. तिघांनी टेम्केचा डोंगर चढायचं ठरवलं. सुनकेसरीने डोको, पाठीवरची ओझ्याची टोपली, घरी ठेवला, लेकीचे बूट घातले. वाटेत जो तो विचारी, "काय हरवलंय? गाय का?" ती म्हणे, "काही नाही, फिरायला चाललोय," आणि लोक अविश्वासाने बघत राहत. तिथे ना तारा ना कठडे. निरोज दर वळणावर बसायचा. त्याची पिशवी दाजूने उचलली.

हे सगळं दाजूने मला फोनवर सांगितलं.

"वहिनी खूश होती ना?" मी विचारलं.

"अशी हात हलवत पुढे पळत होती, काय सांगू. वर जाऊन गाणी म्हणाली." मग तो म्हणाला, "पण दर वळणावर थांबायची. माझ्यासाठी नाही. निरोजभाई दमला असेल म्हणून."

आवाजात तो जुना जळफळाट अजून होता.