काच खाली होती

दादा गेल्याची बातमी आणि त्याने ओव्हरटेक केल्याची बातमी मला एकाच फोनवर कळली. लोणीला आमच्या वावरात कांद्याची खुरपणी चालू होती. चुलतभावाचा फोन आला, "ताई, बबनदादा गेला गं... आळेफाट्याच्या अलीकडं. उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत व्हता म्हनं, समोरनं गाडी आली." मी सरीतच खाली बसले. रडू फुटायच्या आधी तोंडून निघालं ते एवढंच, "दादा? आणि ओव्हरटेक?" तो म्हणाला, "आता काय बोलायचं, तू निघ लवकर." माहेरी, निमगाव सावाला पोहोचेपर्यंत मी रडत होते, पण डोक्यात तोच एक शब्द फिरत होता. महिना उलटून गेला, तो अजून फिरतोच आहे.

माझा हा थोरला भाऊ गावात पिकअप चालवायचा. लोकांचे टोमॅटो, कोथिंबीर, कांदा बाजारात नेऊन पोहोचवायचा. गाव त्याला हसायचं. बबनच्या गाडीत कच्चे टोमॅटो भरले तरी बाजारात पिकूनच उतरतात, असं पारावर बोललं जायचं. कारण समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याशिवाय दादा कुणाच्या पुढे जायचा नाही. कारखाने सुरू झाले की आमच्या हायवेवर काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मावेल त्याच्या दीडपट ऊस, मागे दिवा नाही आणि चालकाच्या कानाशी दणदणीत गाणी. त्याच्या मागे दादा मैलच्या मैल जायचा. घरात मात्र त्याच्याइतका उतावळा माणूस नव्हता. चहा गाळायच्या आधी कप पुढे करायचा, लग्नात अक्षता पडायच्या आधी पंगतीत जागा धरायचा, टीव्हीचा रिमोट तर त्याने दोनदा आपटून फोडला. सुमनवहिनी म्हणायची, "सगळी सबुरी गाडीतच ठिवून येत्यात, घरात म्हनून आनत न्हाईत."

गेल्या दिवाळीत तो मला माहेरी न्यायला आला होता. पहाटेचा गारठा होता, काचा वर होत्या, रेडिओवर गाणं चालू होतं. दादा शेजाऱ्याच्या म्हशीची गोष्ट सांगत होता. तेवढ्यात पुढे ट्रॅक्टर आला आणि दादा वाक्य अर्धं टाकून म्हणाला, "थांब जरा." रेडिओ बंद केला. हँडल फिरवून आपल्या बाजूची काच पार खाली घेतली. गार वारा आणि उसाचं पाचट आत यायला लागलं.

"अरे काच तरी वर घे, गारठून गेले मी."

"दिसत न्हाई तवा ऐकाया पायजे. ट्रॉली कलायच्या आधी करकरती. समोरनं गाडी येती तिचाबी आवाज येतो," असं म्हणून त्याने उजवा हात बाहेर काढला आणि मागच्या गाडीला थांबायची खूण केली. मागचा थांबला नाही. हॉर्न वाजवत, शिवी देत, वळणावरच पुढे गेला. दादा शांतपणे म्हणाला, "जाऊ दे. घर पेटलं असंल त्याचं." पुढे ट्रॅक्टर आत वळला, तेव्हा दादाने काच वर केली, रेडिओ लावला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच वाक्य उचललं, "...तर ती म्हैस काय गोठ्यात जाईना." हे त्याचं ठरलेलं होतं. वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी अशा अर्ध्यात थांबायच्या आणि रस्ता मोकळा झाला की पुढे चालू व्हायच्या.

त्याला धडकलेली गाडी एका दशक्रियेहून दुसऱ्या दशक्रियेला चालली होती. आमच्या भागात ज्याला पुढारी म्हणून राहायचं आहे त्याला आणि त्याच्या माणसांना एका सकाळी तीन तीन घाट करावे लागतात. श्रद्धांजली चुकली तर लोक लक्षात ठेवतात. गाडीत तिघं होते, तिघांनाही नुसतं खरचटलं. तिघांनी एकच सांगितलं, पिकअप ट्रॅक्टर ओलांडून आमच्या अंगावर आली. ते स्वतः कुणाला ओलांडत होते का, हे कुणी विचारलं नाही. ट्रॅक्टरवाल्याला गाण्यांपुढे काही कळलंच नव्हतं. आणि पोलीस येईपर्यंत लोकांनी दोन्ही गाड्या ओढून कडेला लावल्या होत्या, कारण मागे रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला घाई होती. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, ओव्हरटेकच्या नादात चालक ठार. ज्याला आयुष्यभर हळू चालवतो म्हणून हसले, तो मेल्यावर घाईचा धनी झाला.

दशक्रिया ओझरच्या घाटावर झाली. कावळा लगेच शिवला. त्यालाही पुढचा घाट गाठायचा असावा. मग भाषणं सुरू झाली. ती गाडी ज्यांच्या कार्यकर्त्याची, ते पुढारीही आले होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "बबनराव मनानं मोठे होते. पण रस्त्यावरची घाई शेवटी नडते. तरुणांनी यातून धडा घ्यावा." लोकांनी माना हलवल्या. मी बायकांमधून उठले. माझ्या चुलत्यांनी ते पाहिलं, जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बस खाली. गेलेला मानूस माघारी येतो का? उद्या आपल्याच पोरापोरींच्या सोयरिकी त्यांच्यात करायच्यात." मी बोलायच्या आत पुढारी निघालेसुद्धा. त्यांच्या ड्रायव्हरने गाडी चालूच ठेवली होती. गेटातून बाहेर पडताना त्यांनी एका रिक्षाला डावीकडून ओलांडलं. ते मी पाहिलं, चुलत्यांनीही पाहिलं. चुलत्यांचा मला अजून राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात पिकअप सोडवायला वहिनी आणि मी पोलीस चौकीत गेलो. मागच्या आवारात ती उभी होती. बॉनेट दुमडून आत गेलं होतं, पुढच्या काचेचा चुरा सीटवर पडला होता. वहिनी गाडीभोवती एक चक्कर मारून दादाच्या दाराशी थांबली. दार वाकलं होतं, उघडत नव्हतं. खिडकीच्या जागी काच दिसत नव्हती, म्हणून मला वाटलं तीही फुटली. वहिनीने खिडकीतून हात आत घातला आणि हँडल फिरवायला लागली. ते अडलं, तिने जोर लावला, आणि दाराच्या आतून काच वर आली. अख्खी. एक तडासुद्धा नव्हता. कडेच्या रबरात उसाच्या पाचटाचा एक तुकडा अडकला होता, तोही काचेबरोबर वर आला.

दादा गेला ती पौषातली सकाळ होती. त्या गारठ्यात दादाने काच खाली घेतली होती... म्हणजे रेडिओ बंद होता, हात बाहेर होता, कान रस्त्याकडे होते. म्हणजे तो ट्रॅक्टरच्या मागेच होता.

मी चौकीतल्या हवालदारांना बोलावून आणलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, नुसत्या काचेवरून काय सिद्ध होतंय?" कोर्टात काहीच होत नसेल. पण त्याच्या शेजारी बसून जो एकदा जरी गेला असेल, त्याला तेवढ्याने सगळं कळेल. पेपरच्या ज्या पुरवणीत मी हे लिहिते आहे, ती ते तिघंही वाचत असतील. त्यांनीही वाचावं.

पिकअप आता आमच्या माहेरी गोठ्याच्या कडेला उभी आहे. पुढच्या फुटक्या काचेवर ताडपत्री बांधली आहे, दादाच्या बाजूची काच मात्र वहिनीने पुन्हा खाली घेतली आहे. परवा गेले तेव्हा चुलते तिथेच होते. म्हणाले, "सुमन, काच तरी वर घे, आत धूळ जाती." वहिनी शेण भरत होती. तिने मान वर केली नाही.

"न्हाई," ती म्हणाली, "ट्रॅक्टर अजून म्होरंच हाय."