जपानी कुंडातल्या सासूबाई

सासूबाई त्या हिवाळ्यात श्टुटगार्टला आल्या, तेव्हा त्यांचे गुडघे फार दुखत होते. नवऱ्याने त्यावर उपाय म्हणून जपान शोधला. म्हणजे गावाबाहेरचा, उत्तम पार्किंग असलेला जपान. तिथे गरम पाण्याची कुंडं होती, बांबू होते आणि भिंतीवर नियमांची भलीमोठी पाटी होती. जर्मनांना जपान का आवडतो ते मला त्या पाटीपुढे कळलं. आपल्यापेक्षा जास्त नियम असलेला देश त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

आम्ही दोघी बायकांसाठी राखीव असलेल्या दिवशी गेलो. मी पोटऱ्यांपर्यंतचा पोहण्याचा पोशाख घेतला होता. सासूबाईंनी जुना गाऊन आणला होता. दारातल्या बाईने दोन्हीकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"टेक्स्टिलफ्राय," ती म्हणाली.

त्सुफेनहाउझेनच्या मोटारींच्या कारखान्यात एक स्क्रू किती आवळायचा यावर तासभर बोलू शकणाऱ्या माझ्या नवऱ्याने वेबसाइटवरचा नेमका हा शब्द वाचला नव्हता.

"काय म्हणतेय ती?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, आत कपडे चालत नाहीत. काहीच नाही. आपण घरी जाऊ."

लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी ओढणीशिवाय गॅलरीत गेले, तरी ज्यांच्या कपाळावर आठी यायची, त्या बाई क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या बायकाच आहेत ना? मग चल. इथे मला कोण ओळखतंय?"

त्यांना कोणी ओळखत नव्हतं. माझा विचार करायचं त्यांना सुचलं नाही.

कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं, हा तिथला पहिला नियम. त्यासाठी एका ओळीत बुटकी लाकडी स्टुलं होती आणि प्रत्येकापाशी एक लहानशी बादली. शेजारी दोन जर्मन बायका ती बादली कशी धरायची हे पाटीवरची चित्रं पाहून शिकत होत्या. सासूबाई स्टुलावर बसल्या, बादली भरली आणि खांद्यावरून पाणी ओतलं. आमच्या घरातल्या शॉवरखाली महिनाभर अंग चोरून उभं राहणारी बाई पहिल्यांदा नीट आंघोळ करत होती.

"वळ इकडे," त्या म्हणाल्या. "पाठ चोळते."

मी नको म्हणायच्या आत त्यांनी चोळायला सुरुवात केली. जोरात. मी त्यांची लेक असते, तरी त्यांनी याहून हळू चोळली नसती, एवढं मला समजलं. मी डोळे पुसले. डोळ्यांत साबण गेला असं नंतर सांगितलं.

आम्ही कुंडात उतरलो आणि समोरच्या वाफेतून माझी बॉस चालत आली. तिच्या अंगावर फक्त चष्मा होता. मी हनुवटीपर्यंत पाण्यात गेले. ती निवांत शेजारी बसली, माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाली, "आल्झो, तर मग सोमवारच्या रिलीजचं टेस्टिंग झालं का?"

"कोण गं ही?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या बॉस."

"मग अशी दडून काय बसलीस? नीट बस." आणि त्यांनी पाण्यातूनच तिला हात जोडून नमस्कार केला. बॉसनेही केला, तिच्या योगाच्या वर्गात शिकवतात तसा, डोळे मिटून. मग दोघी गुडघ्यांवर बोलल्या. एक मराठीत, एक जर्मनमध्ये. दुभाषी म्हणून माझी कोणालाच गरज पडली नाही. मला मात्र टेस्टिंगचं उत्तर द्यावंच लागलं.

घरी नवऱ्याने विचारलं, "कसं होतं?"

"पाणी छान होतं," सासूबाई म्हणाल्या आणि सांगलीच्या बहिणीला फोन लावायला आत गेल्या. त्या फोनमध्ये कुंड होतं, बांबू होते, सुनेची साहेबीणही होती. कपड्यांचा विषय निघाला नाही.

त्यानंतर त्या परत जाईपर्यंत आम्ही दर बायकांच्या दिवशी गेलो. नवऱ्याला वाटतं, गुडघ्यांना गुण आला तो पाण्यातल्या खनिजांमुळे.