वाजवतो मी, कौतुक वायरचं!

नाशिकच्या ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं पॅड वाजवला. गायकांचे किस्से कधीतरी संपतात, आमचे संपत नाहीत. कारण दर कार्यक्रमात कोणीतरी आमचा अपमान करतोच!

नव्वदच्या दशकात ओझरला एक हळद होती. माझा काठ्यांनी वाजवायचा, आठ रबरी चौकोनांचा ऑक्टोपॅड तेव्हा नवाकोरा. त्यातून ढोलकी अशी निघायची की बस्स! नवरदेवाचे मामा उठले, स्टेजमागचा पडदा उचलून पाहिला, टेबलाखालीही वाकले.

"ढोलकीवाल्याला जेवायला सोडा की! कवाचा लपवून ठेवलाय?"

"मामा, ढोलकी मीच वाजवतोय."

"तुम्ही? तुम्ही तर नुसतं रबर बडवताय!"

त्यांनी ढोलकीवाल्यासाठी ताट झाकून ठेवलं. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

खंडेनवमीला आमचे मालक शरदराव वाद्यांची पूजा घालायचे. गुरुजींनी तबल्याला कुंकू लावलं, ढोलकीला लावलं, खुळखुळ्यालाही लावलं. माझा पॅड मात्र एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी कोरडाच!

"गुरुजी, हेही वाद्यच आहे."

"वायर असली की ते वाद्य नसतं. ते उपकरण!"

आणि शेजारच्या कीबोर्डला झेंडूचा भरगच्च हार! त्याला काय वायर नव्हती?

पुढे दोन हजारनंतर शरदरावांनी मुंबईहून नवीन डबा आणला. सोळा छोटे पॅड, कॉम्प्युटरला जोडायचे, बोटांनी वाजवायचे. खोटं कशाला बोलू, तबल्याचे बोल त्यावर सुरेख निघायचे. पण काठीची उसळी त्याला कुठली? जुन्या पॅडवर मनगट बोलतं आणि लोकांना दिसतं तरी की माणूस वाजवतोय!

कॉलेज रोडच्या एका रिसेप्शनला मी त्या डब्यावर वाकून जीव तोडून वाजवत होतो. एक गृहस्थ जवळ आले.

"काय हो, लग्नपत्रिका पण इथंच टाइप करून मिळतात का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शरदराव मात्र खो खो हसले. "बरोबर आहे त्यांचं! यावर कोणीही बोटं आपटेल. हरसूलची जत्रा झाली की पॅडला वेगळा माणूस ठेवायचाच नाही म्हणतो." हे माझ्या तोंडावर!

त्या जत्रेला मी हट्टानं जुना पॅड नेला. शरदराव चिडले आणि नवीन डबा घेऊन स्वतःच शेजारी बसले. दिवेलागणीला देवीचं गाणं सुरू झालं. मी पॅडवर संबळ धरला आणि पुढ्यातल्या एका आजीच्या अंगात आलं. तिथली रीत अशी, की अंगातलं उतरेपर्यंत संबळ थांबवायचा नाही.

आणि लाइट गेली! लोडशेडिंग!

माइक बंद, कीबोर्ड बंद. शरदराव डब्यावर बोटं आपटत होते, आवाज शून्य. आजी गर्रकन वळली. "कोन थांबला रं? वाजव!"

मी काठ्या उचलल्या आणि बंद पॅडवर तोच ठेका धरला. टक टक, टकाटक टक. नुसतं कोरडं रबर! पण लोकांनी टाळ्यांनी ठेका उचलला आणि आजी घुमत राहिली. दमून खाली बसली, तेव्हाच मी थांबलो.

कोणीतरी कंदील आणला. संबळाला कुंकू लावायला आजी वाटी घेऊन आली. शरदरावांनी लगबगीनं माझा पॅड पुढे केला. "आई, इथं लावा, इथं!"

आजीनं तो हातानं बाजूला सारला.

"त्याला कशाला? ते तर कवाच मेलं व्हतं."

आणि तिनं माझ्या दोन्ही मनगटांना कुंकू लावलं.