इंजिनावरची मूठ

"म्हणजे माझ्या पातेल्याच्या झाकणाची मूठ तुम्ही नेली होतीत?"

"अगं, अँब्युलन्सच्या एअर फिल्टरचा नट हरवला होता. स्टोअरवाला म्हणाला, मागवावा लागेल. तुझी मूठ सहज खिशात घालून नेली, लावून पाहिली, तर आटे जुळले!"

"आटे जुळले! आणि मी इतकी वर्षं चिमट्याने झाकण उचलतेय. शेजारणीवर संशय घेतला मी. बिचारीशी धड बोलले नाही!"

"पण त्या मुठीमुळेच तर इंजिन ओळखलं ना. नाहीतर असला जुनाट ट्रक कोण घेतो?"

"तेच विचारतेय. कोण घेतो?"

ट्रक खिडकीबाहेर उभा होता. चिखलाच्या रंगाचा, उंच चाकांचा, डोंगर चढायला बनवलेला. खिडकीतला सगळा उजेड त्याने गिळला होता, आणि बाई शिलाई मशीनपाशी भरदुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवत होती. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, झग्यांची कंबर सैल करायची, हे तिचं काम. मशीनपुढच्या तिच्या खुर्चीवर चिंध्या भरून तिनेच शिवलेली एक चपटी उशी होती. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, नवऱ्यानेसुद्धा.

नवरा अँब्युलन्सचा ड्रायव्हर, आता निवृत्त. गल्लीत त्याला सगळे 'सायरन' म्हणतात. त्याला शहर माहीत आहे, पण वेगळंच. कुठल्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, कुठल्या गतिरोधकावर मागचा माणूस कण्हतो, हे तो झोपेतही सांगेल. वाटेत झाडं कसली आहेत, ते मात्र विचारू नये. अजूनही तो खुर्चीच्या कडेवर बसतो, चहा उभ्याउभ्या पितो, कुणाकडे गेला तर बूट दाराकडे तोंड करून काढतो.

आज सकाळी तो स्कूटरचं पंक्चर काढायला गॅरेजवर गेला होता. मिस्त्रीने कोपऱ्यातल्या ट्रकला किल्ली मारली. इंजिन दोनदा खोकलं, क्षणभर थांबलं, जावं की न जावं असा विचार केल्यासारखं, आणि मग लागलं. सायरनचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला.

"बॉनेट उघड रे जरा."

उघडलं. मधोमध काळी मूठ, एका बाजूला टवका उडालेली.

"काका, धड जुनं, काळीज भंगारातलं," मिस्त्री हसत म्हणाला. "मूळ इंजिन जाम झालं होतं. हे कुठल्याशा अँब्युलन्सचं बसवलंय. खेचतं मस्त. फक्त वेगाच्या काट्याचं काही खरं नाही. तो शून्यावरच झोपलेला असतो."

स्कूटर तिथेच राहिली. सायरन ट्रक घेऊन निघाला, आणि थोड्याच वेळात त्याच्या लक्षात आलं की कुणीच बाजूला होत नाहीये. एका सायकलवाल्याने तर त्याला मागे टाकलं. त्याला हसू आलं. पायाखाली तीच थरथर होती, तळव्यांना पाठ असलेली, पण पाठीमागे कुणाचा श्वास नव्हता. काटा शून्यावर. जणू ट्रक उभाच होता आणि रस्ताच सावकाश त्याच्याखालून वाहत होता. एका भिंतीवर मांजर अंग चाटत होतं, त्याने ते चाटणं पुरं होईपर्यंत पाहिलं. निळ्या दाराचं एक घर आलं. या दारातून त्याने कधीतरी एका माणसाला उचललं होतं, पण दार निळं आहे हे त्याला आज कळलं. गावाबाहेरच्या फाट्यावर उजवीकडे तळ्याचा रस्ता उन्हात पडून होता. तिथे त्याने ब्रेक दाबला. बराच वेळ इंजिन नुसतं घुमत राहिलं. मग त्याने ट्रक घराकडे वळवला.

"मघाशी आत डोकावले मी," बाई म्हणाली. "तुमच्या शेजारच्या सीटमधून स्प्रिंग वर आलीय. बसणाऱ्याचं काय व्हायचं?"

"बसणारी कोण ते ठरू दे, मग सीटचं बघू."

"मी नाही बसायची. माझ्या आईला शेवटचं नेलं ते इंजिन दाराशी आणून उभं करता, आणि वर मला..."

"पोचवलं ना वेळेत?"

"पोचवलंत. मी कुठे नाही म्हणते?"

आई त्यानंतरही काही दिवस होती, पण हॉस्पिटलमधून बाहेर आलीच नाही. पलंगावरून दिसायची ती समोरची पिवळी भिंत.

"त्या वाटेत काय म्हणाल्या होत्या?" त्याने हळूच विचारलं. "तू मागे होतीस त्यांच्याजवळ."

सुई कापडात तशीच राहिली. हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"जावईबापू, तळं आलं की जरा हळू करा. मला बघायचंय," बाई आईच्याच आवाजात म्हणाली. मग स्वतःच्या. "आणि मी ओरडले, ऐकू नका तिचं, हाणा!"

"बरोबरच ओरडलीस. तू गप्प असतीस तरी मी हळू केलं नसतं."

"माहितेय मला."

"आज फाट्यावर थांबलो होतो. एकट्याने पुढे जाववेना. अगं, त्या रस्त्याने मी हजारदा गेलोय, तळं आहे केवढं ते विचार, सांगता नाही यायचं. आता घाई कुणाला आहे? इंजिन तेच आहे, हळू नेतो. आईंनी सांगितलं होतं तस्सं." तो पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकला. "येतेस?"

बाईने दोरा दातांनी तोडला. सुई रिळात खोचली, दिवा बंद केला आणि उठली. खुर्चीवरची चपटी उशी उचलून तिने दोनदा झटकली, काखेत मारली, आणि त्याच्याकडे न बघता दाराबाहेर पडली.