शकुनकाकीच्या हाताचा फोटो

शकुनकाकीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. साल अठ्ठ्याहत्तर, धान रोवण्याचे दिवस. शहापूरजवळच्या आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धुऱ्याच्या बांधावरून तिचा पाय घसरला आणि डावं मनगट सुजून टम्म झालं. काका साकोलीला गेलेले, म्हणून माझे बाबा तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाबा म्हणजे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यापुढे पदर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बाबा कुत्र्यालाही हाड न म्हणणारे; पण रीत ती रीत.

एक्स-रे काढणाऱ्याने नेमाप्रमाणे विचारलं, पाळी चुकली आहे का? दोन महिने झाले होते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि दाराशी बाबा उभे. काकीने नुसती नकाराची मान हलवली.

बाहेर आल्यावर भिंतीवरची पाटी दिसली. चौथी शिकलेल्या काकीने अक्षरं लावत वाचली: गरोदर बाईने आधी सांगावे, किरणांनी बाळाला इजा होऊ शकते.

मोडलेल्या मनगटाला प्लास्टर लागलं, आणि पुढचा दीड महिना ती भीतीतच जगली. घरात बातमी कळली, आईने शिरा केला, आणि काकीने वाटी तशीच बाजूला ठेवली. पोर आंधळं होईल, लुळं होईल, तेही आपल्या खोट्यामुळे. पोटावर हात ठेवायचीसुद्धा तिला भीती वाटायची.

प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी पुन्हा हाताचा फोटो काढायला सांगितला. तोच माणूस, तोच प्रश्न, दाराशी बाबा. या खेपेला काकीने बाबांदेखत तोंड उघडलं.

"आहे. मांगच्या खेपेलेही होतं. मी भेवानं नाही म्हटलं. माह्या लेकराले काही झालं काय?"

त्याने तिला बसवलं आणि समजावलं. किरण हातावरच सोडले होते, पोटाला पोचले असतील तर नावालाच. मोडलेलं हाड बघावंच लागतं, त्यामुळे सांगितलं असतं तरी किरण अडवायला पोटावर शिशाचा पट्टा टाकून फोटो काढलाच असता. कमरेचा असता, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढला नसता. मग डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं. दुखत नव्हतं, तेव्हा आज फोटो नकोच म्हणाले.

घरी अंगणात आल्यावर बाबा काकीला ऐकू जाईल असं आईला म्हणाले, "मी दाराशी उभा होतो म्हनून थे पोरगी दीड महिना एकटी भेत राहिली."

माघात काकीला मुलगी झाली, सत्यवती, धडधाकट. तोवर दवाखान्याच्या दर खेपेला बाबा फाटकाबाहेरच उभे राहिले.