मुदत न भरलेला चीक

माझा मूर्खपणा मी सहसा सांगत नाही, घरचेच सांगतात. पण दर वेळी त्यात थोडी भर पडते आणि ते ऐकून ऐकून मी आता थकलोय. तेव्हा चहा उकळेपर्यंत एकदा मीच सांगून टाकतो.

कोरोनाचं पहिलं वर्ष. पुंडलिकनगरातल्या घरात मी, बायको आणि बाळंतपणाला आलेली मुलगी मीनल. नववा महिना लागलेला. पोरीला हा रोग झाला तर तिला न्यायचं कुठं, या काळजीनं मला झोप नव्हती.

मग मी काय केलं? जन्मभर कारकुनी केलेला माणूस दुसरं काय करणार? नियम केला! विषाणू पुठ्ठ्यावर एक दिवस जगतो, स्टील-प्लास्टिकवर तीन दिवस, असं वाचलं होतं. त्यामुळे बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू व्हरांड्यातल्या बाकावर. तिच्यावर चिठ्ठी. मुदत भरल्याशिवाय आत प्रवेश नाही. आम्ही महिनाभर सुकलेली कोथिंबीर खाल्ली.

एका सोमवारी सोयगावहून मेव्हणा आला. भाजीच्या गाडीतून, फाटकापर्यंतच.

"दाजी, म्हैस व्याली. मीनलला खरवस लई आवडतो म्हणून चीक आणलाय. आत्ताच करा, नायतर नासंल."

स्टीलचा डबा फाटकाशी ठेवून तो गेला, मी तो उचलून बाकावर ठेवला. बायकोनं हात पुढे केला.

"थांब! स्टील आहे."

"अहो, चीक आहे तो! डबा साबणानं धुते, झालं."

"आणि झाकणाच्या खाचेत काय बसलंय, ते पाहिलंय कुणी?"

"माझा भाऊ एवढ्या लांबून खाचेत रोग घालून आणेल?"

"प्रश्न तुझ्या भावाचा नाही, डब्याचा आहे," असं म्हणून मी चिठ्ठी चिकटवली. आला सोमवार, साडेअकरा. उघडणे गुरुवार, साडेअकरा.

मे महिना, बरं का! आणि आमचा व्हरांडा पश्चिमेचा.

मंगळवारी बायको बोलेनाशी झाली. बुधवारी ती नाकाला पदर लावून फिरू लागली. मीनलला दोनदा उलटी झाली. "बाबा, तो डबा फेका हो!"

मी व्हरांड्यात गेलो, झाकणाला नाक लावलं. काही नाही! दोघी मिळून मला हरवायला नाटक करताहेत, अशी माझी खात्री झाली.

"कुठं आहे वास? नियमानं ठेवलेली वस्तू टिकते!"

बायको एवढंच म्हणाली, "धन्य आहे तुमची."

गुरुवारी साडेअकराला मी झाकण काढलं. फस्सकन फेस वर आला. बायको परसात पळाली. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. मी मात्र वाकून, छाती भरून वास घेतला.

"ताजा आहे की! थोडा फेसाळलाय, एवढंच."

दाराआडून मीनल माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

"बाबा, तुम्हाला खरंच वास येत नाहीये?"

तिनं हिंगाची डबी लांबून सरकवली. मी ती नाकाशी धरली. हिंगालाही वास नव्हता!

संध्याकाळपर्यंत मी कोरोना केंद्र केलेल्या एका वसतिगृहातल्या खाटेवर होतो. तिथल्या तरुण डॉक्टरला मी चिठ्ठ्यांची सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, वस्तूंवरून होण्याचा धोका थोडाच असतो. हा रोग माणसाच्या श्वासातून येतो. कुणाशी जवळून बोललात?"

आता लपवून काय उपयोग? वाळूजच्या कंपनीत जाणारे शेजारचे जाधव रोज संध्याकाळी कंपाउंडपाशी भेटायचे. विषाणू स्टीलवर किती दिवस जगतो, ते मी त्यांना अर्धा-अर्धा तास पटवून द्यायचो. चष्म्यावर वाफ धरते म्हणून मास्क हनुवटीवर!

"आणि जाधव?"

"पलीकडच्या खाटेवर आहेत," मी म्हणालो.

सुदैवानं मायलेकींना काही झालं नाही. मी तिथं असतानाच मीनल सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. मी सुटून आलो तेव्हा बायकोनं मला अंगणातच थांबवलं आणि नातीला बंद खिडकीच्या काचेशी आणलं. माझे डोळे भरून आले. पोरीला आजोबाचा चेहरा तर दिसू दे, म्हणून मी मास्क खाली ओढला.

आतून तिघी एकदम ओरडल्या. सगळ्यात मोठ्यानं नात.