पाण्याचं मोहळ

बब्रुवान साखर कारखान्यात फायरमन होता, पण आगीपेक्षा चिमणीकडं जास्त बघायचा. भट्टीत बगॅस टाकला की बाहेर यायचं, मान वर करून धूर बघायचा, परत आत जायचं. धूर काळा दिसला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. काळा धूर म्हणजे जळण वाया आणि माणूस आळशी. बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा. तो ढिगानं लोटला की आग गुदमरते, पातळ पसरून टाकला की झरझर जळते. पसरून टाकायला फेऱ्या दुप्पट लागतात. बब्रुवान त्या मारायचा. कुणी बघत नसलं तरी मारायचा.

हे वळण त्याला थोरल्या बहिणीनं, नागूबाईनं लावलं होतं. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्याला वाढवलं. बहात्तरच्या दुष्काळात दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. एकदा त्यानं खाली धोंडे घालून वर खडी पसरली आणि ढीग मोठा करून दाखवला. मुकादमाची नजर जाण्याआधी अक्कानंच तो पायानं उधळला. "परत फोड," एवढंच म्हणाली, आणि स्वतः शेजारी बसून त्याच्याबरोबर फोडत राहिली.

पुढं सहकारी कारखाना उभा राहिला आणि बब्रुवान तिथं लागला. अक्काचं सासर कारखान्यापासून दोन कोस मावळतीला. दाजी रामलिंग वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं, त्यामुळं कोरडवाहू रान तीच करायची.

बहात्तरला दहाएक वर्षं उलटली असतील. त्या साली हत्ती कोरडा चालला होता. हस्त नक्षत्राला तिकडं हत्ती म्हणतात. रब्बीची ज्वारी त्याच्या पावसावर पेरायची. या दिवसांत वारं फिरतं आणि ढग उगवतीकडून येतात. रोज दुपारी ते यायचे, काळे व्हायचे, कारखान्यावरून पुढं सरकायचे आणि अक्काच्या रानावरून न बरसता निघून जायचे.

दसरा तोंडावर आला तसा अक्काचा सांगावा आला. बब्रुवान गेला. भर दुपारी चूल थंडगार. तिनं पुढ्यात पहाटेची भाकरी आणि ठेचा ठेवला.

"चूल का गं बंद?"

"धूर नको म्हणून. ढग यायच्या टायमाला गावातल्या निम्म्या बायका आता चूल पेटवत न्हाईत."

"कुणी सांगितलं?"

"म्या सांगितलं. मोहळ झाडायचं असलं की तू काय करतूस? खाली धूर करतूस. माश्या उठून जात्यात. ढग म्हंजी पाण्याचं मोहळ. तुझी चिमणी त्याला उठवती."

"अक्का, चिमणी उन्हाळ्यापासनं बंद हाय!"

"दसऱ्याला पेटवणार न्हवं? हत्ती सरूस्तवर थांबव."

"माझ्या हातात हाय व्हय? ऊसतोडीच्या टोळ्या येऊन बसल्यात. दसऱ्याला बॉयलर पेटवायचाच."

"मग माझं एक ऐक. हत्ती बरसायच्या आधी त्या चिमणीतनं धूर दिसला, तर भाऊबीजेला माझा उंबरा चढायचा न्हाय."

बब्रुवान हसला. अक्का हसली नाही. तेव्हा त्यानं हातातला घास खाली ठेवला. लग्न झालं, लेकरं झाली, तरी आजवर त्याची एकही बीज चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना गाठलं. साहेब मोकळे होते. ते म्हणाले, "धुरानं ढग उठत नाहीत. थेंब धरायला कण लागतोच, धुळीचा, मिठाचा नाहीतर धुराचा. पण कण फार झाले की आहे तेवढंच पाणी सगळ्यांत वाटलं जातं. मूठभर पिठात गावजेवण घातल्यासारखं. थेंब बारीक राहतात, जड होत नाहीत, खाली पडत नाहीत. बाहेरच्या देशात तोडणीआधी उभ्या उसाचा पाला जाळतात, तिथं पाऊस घटला असं कुणी लिहिलं. पुढं इतरांनी तपासलं, तर पक्कं काही हाती लागलं नाही."

"आपल्या चिमणीचं काय, सायेब?"

"एका चिमणीनं हत्ती अडेल असं मला वाटत नाही. पण छातीठोक नाही सांगता येणार."

मोहळाची गोष्ट बब्रुवानला पटलेली नव्हती. पण साहेबांचं शेवटचं वाक्य पायतळी काटा मोडावा तसं सलत राहिलं.

बॉयलर पहिल्यांदा लाकडावर पेटवतात. भट्टी गार असते, विटा पावसाळ्यात सर्द झालेल्या असतात, त्या हळूहळू तापवाव्या लागतात. वर्षातला सगळ्यात दाट धूर त्याच दिवशी. लाकूड ओलं आणि जाड असलं तर बघायलाच नको. बब्रुवाननं बाभळीचे वाळलेले ओंडके निवडून वेगळे काढले आणि पाळी संपली की कुऱ्हाड घेऊन बसायला लागला. ओंडक्याच्या फाका, फाकांच्या ढलप्या, ढलप्यांच्या काड्या. रोज फोडून उन्हात पसरायच्या.

फोरमन शरणप्पा येऊन बघून गेला. "बब्रुवान, बॉयलर पेटवायचाय का बाळंतिणीची शेगडी?"

"दोन्हींत आगच लागती, मालक."

दसऱ्याला पूजा झाली, नारळ फुटला, भट्टीत आग पडली. बब्रुवान दाराशी उभा राहून बेतानं काड्या देत होता. जरा दिल्या की बाहेर जायचा, वर बघायचा, परत यायचा. चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती.

बाहेर सभासद माना वर करून उभे. काळा लोंढा निघाला म्हणजे हंगाम लागला, हा त्यांचा शकुन.

"पेटलंय का न्हाय?"

"गेल्या साली कसं आभाळ काळं झालतं!"

शरणप्पा घाईनं आत आला. "अरे, दोन पाट्या ओला भुसा टाक. लोकांना धूर दिसू दे."

"आग आत हाय. बघायची तर आत या म्हणावं."

"तू मला शिव्या खायला लावणार."

"तुमी खावा, मालक. मी धूर करणार न्हाय."

शरणप्पा पुटपुटत निघून गेला.

दुपारी ढग आले आणि मावळतीला सरकले. दिवस कलता अक्का फाटकाशी हजर. दोन कोस चालत आलेली, फडक्यात पोळ्या, हातात आपट्याची पानं. त्याला बघताच तिनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"थांबवलंस रं माझ्यासाठी! सकाळधरनं बघती, धुराचा पत्ता न्हाय. लई भांडावं लागलं का?"

गप्प बसला असता तर भागलं असतं. सणाच्या पोळ्या आल्या होत्या, बहीण खुश होती. बब्रुवाननं हात धोतराला पुसले.

"अक्का, बॉयलर पेटलाय. सकाळीच पेटवलाय."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "मग धूर?"

"हाय. पातळ हाय."

शरणप्पा मागं उभा होता. तो म्हणाला, "बाई, ह्यानं ओंडक्यांच्या काड्या केल्या. हात बघा त्याचे."

अक्कानं हात बघितले नाहीत. ती लाकडाच्या ढिगापाशी गेली, चार काड्या उचलल्या, त्यातली एक त्याच्यापुढं धरली. "ही येवढी जाड कशी ऱ्हायली?"

"चुकली."

"पाऊस तर आलाच न्हाय. मग मोहळ उठवलं कुणी?"

साहेबांनी सांगितलेलं त्यानं जमेल तसं सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं. "म्हंजी वाटून वाटून पाणी संपलं."

"असं म्हणत्यात. पक्कं न्हाय."

"पक्कं न्हाय, तर येवढी मरमर कशाला केलीस?"

"तू खवळली व्हतीस."

तेव्हा अक्का हसली. पदर तोंडाला लावून हसली. मग फडकं सोडून तिनं एक पोळी त्याला दिली, एक शरणप्पाला दिली.

"हत्ती सरत आला, ज्वारीचं गेलं आता," ती म्हणाली. "खाली मातीत थोडी वल हाय, करडई टाकू. चाड्यावर बियाची मूठ मी धरती. तिफण हाकायला माणूस न्हाय."

बब्रुवान रात्रपाळी करून सकाळी तसाच गेला. डोळे चुरचुरत होते, हाताचे फोड तिफणीच्या रुमण्याच्या मुठीवर फुटले, पण पेरणीचं एकही तास वाकडं जाऊ दिलं नाही. दिवस मावळायला रान पेरून झालं. अक्का बांधावर उभी राहून पेरलेलं बघत होती. घराकडं निघताना मागं न वळता म्हणाली, "बिजेला लेकरांस्नी बी आण."